फराळाचा व्यवसाय नंतर, आधी चकलीची वीस पाकिटं

ताई, नमस्कार.

मी भांडुपला राहते, वय ४४. एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर सकाळची नोकरी आहे, चारच्या सुमाराला घरी येते. मिस्टरांचा ओव्हरटाइम गेल्या वर्षीपासून बंद झालाय आणि मुलाचं यंदा बारावी आहे. माझ्या हाताला चव आहे असं सगळे म्हणतात. दर दिवाळीला नातेवाईक, शेजारणी, लॅबमधल्या मैत्रिणी ‘तू फराळाचा व्यवसाय सुरू कर’ म्हणून मागे लागतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यासाठी एक वही केली. नाव, लोगो, लायसन्स, पॅकिंग, मोठी कढई, चकलीचं मशीन, इन्स्टाग्राम, कर्ज, मदतीला बाई अशी यादी तिच्यात आहे. वही उघडली की छातीत धडधडतं आणि मी ती मिटून ठेवते. मोठं काम छोटे तुकडे करून करावं असं सगळीकडे वाचते. मी तुकडे केलेत की, मग गाडी हलत का नाही? शिवाय ओळखीच्या माणसांकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. मिस्टर म्हणतात, करायचं तर कर, नाहीतर विषय बंद कर. दिवाळीला चार महिने आहेत. यंदा करू, की मुलाचं बारावी होऊ दे?

– व. म., भांडुप

प्रिय व. म.,

तुमच्या वहीत तुकडे नाहीत, गाठोडी आहेत. ‘लायसन्स’ हे एक गाठोडं, ‘पॅकिंग’ हे दुसरं. एका मोठ्या गाठोड्याची नऊ गाठोडी झाली, पण सोडलेलं एकही नाही. वही उघडल्यावर तुम्हाला घाबरायला होतं यात तुमचा दोष नाही. घरी आल्यावर साडेचार वाजता ‘पॅकिंग’ कसं करणार? नेमकं कुठे उभं राहायचं, हातात काय घ्यायचं, काहीच त्या शब्दात नाही.

काम पुरेसं लहान झालं की नाही हे ओळखायची माझी खूण सांगते. ते कधी आणि कुठे करायचं हे सांगता आलं पाहिजे आणि संपलं हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ‘लायसन्स काढणे’ यात दोन्ही नाही. ‘आज रात्री जेवणानंतर आधार कार्ड, लाइट बिल आणि पासपोर्ट साइज फोटो यांचे मोबाइलवर फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवणे’ यात दोन्ही आहे. दहा मिनिटांचं काम, आणि झालं की झालं. उद्या फॉसकॉस या खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर खातं उघडायचं. परवा अर्ज भरायचा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा आहे आणि घरून पदार्थ विकणाऱ्यांनाही त्याखाली एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेकडे नोंदणी करावी लागते. पण लहान व्यवसायासाठी असते ती साधी नोंदणी, मोठ्या कारखान्याचं लायसन्स वेगळं. तुमच्या वहीतल्या त्या एका शब्दाने उगाच मोठा बाऊ केलाय. अर्ज भरणं तुमच्या हातात आहे, नंबर येणं नाही. म्हणून या दोन गोष्टी वहीत दोन ओळींवर लिहा. जिथे दुसऱ्याची वाट बघावी लागते तिथे काम तोडायचं, नाहीतर आपण अर्ज भरूनही ‘लायसन्सचं राहिलंय’ असं मनाला खात राहतो.

आता मुख्य गोष्ट. नुसतं लहान करून भागत नाही. तुमच्या यादीत पहिल्या दोन ओळी नाव आणि लोगो या आहेत. समजा त्यांचे बारीक तुकडे केलेत आणि महिनाभर रोज एक तुकडा उरकलात. महिन्याअखेरीस हातात सुंदर नाव असेल, रंगीत लोगो असेल, आणि तुमची चकली पाकिटात किती दिवस कुरकुरीत राहते हे तेव्हाही माहीत नसेल. तुकडा असा घ्या की तो लहान असला तरी पुरता असेल: केलं, वजन केलं, भरलं, विकलं, पैसे घेतले, हिशेब लिहिला. व्यवसाय म्हणजे हेच सगळं, फक्त जास्त मापात. म्हणून यंदाचं तुमचं ध्येय ‘फराळाचा व्यवसाय’ हे ठेवू नका. गणपतीपर्यंत चकलीची पाव किलोची वीस पाकिटं, एवढंच ठेवा. चिवडा नाही, लाडू नाहीत, अनारसे तर अजिबात नाहीत.

लिज्जत पापडाची सुरुवात आपल्या गिरगावातली आहे. १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी उसने घेतलेल्या ८० रुपयांवर इमारतीच्या गच्चीत पापड लाटायला घेतले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मला मात्र तिच्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि काम पावसातही सुरू. ही अडचण त्यांना काम लहान असतानाच कळली आणि तिच्यावरचा उपाय एका खाटेच्या किमतीत निघाला. सुरुवातीलाच मोठी जागा घेऊन बसल्या असत्या तर तोच पावसाळा फार महाग पडला असता.

तुमच्याकडेही आत्ता पाऊसच आहे, आणि तो तुमच्या फायद्याचा आहे. मुंबईच्या आषाढातल्या दमट हवेत जे पाकीट सादळत नाही ते ऑक्टोबरमध्ये सादळणार नाही. म्हणून पहिल्या रविवारी अर्धा किलो भाजणीची चकली करा, नेहमी करता तशीच, फक्त शेजारी घड्याळ आणि वही ठेवून. तांदूळ-डाळी धुऊन पंख्याखाली वाळायला किती तास गेले, वेगवेगळं भाजायला किती मिनिटं, गिरणीत जाऊन यायला किती, उकड काढून मळायला किती, सोऱ्याने पाडून तळायला किती. मोहन किती चमचे घातलं तेही लिहा. तुमचा हात अंदाजाने बरोबर पडत असेल, पण पाच किलोच्या वेळी अंदाज दगा देतो. मोहन जास्त झालं की चकली तेलात फुटते, कमी झालं की दाताला लागते. तेल फार तापलं तर वरून लाल दिसते, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. हे तुम्हाला माहीत आहे, मी सांगायला नको. पण विकायला बसल्यावर ते मापात लिहिलेलं लागतं, कारण गिऱ्हाइकाला दुसरं पाकीट पहिल्यासारखंच हवं असतं.

चकली पूर्ण गार झाल्यावर चार पाकिटं भरा. दोन पातळ पिशवीची, दोन जाड, झिप असलेली. वर तारीख घाला. एक पातळ आणि एक जाड आठवड्याने फोडा, दुसरी जोडी तीन आठवड्यांनी. खाऊन बघा, मुलाला खायला द्या, आणि लॅबमधल्या त्या मैत्रिणीला द्या जी तोंडावर खरं बोलते. ‘पॅकिंग’ या गाठोड्याची पहिली गाठ ही अशी सुटते. छापील पाऊच, लोगो, रंग हे सगळं या निकालानंतरचं. विकण्याच्या पाकिटावर मात्र पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावा, किंमत, तुमचं नाव-पत्ता, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक लागतो. पहिल्या वीस पाकिटांना साध्या प्रिंटचं चिकटवायचं लेबल पुरतं. नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत पैसे घेऊ नका, तोवर चव बघायला द्या. आणि जाता-येता गॅस एजन्सीत एक चौकशी करून ठेवा. घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असतो, विक्रीचा माल करायला व्यावसायिक जोडणी कशी मिळेल ते विचारा. हेही दहा मिनिटांचंच काम आहे, पण ते मागे राहिलं की ऐन दिवाळीत आठवतं.

काम लहान करण्याचा फायदा मानसशास्त्रज्ञांनी मोजून पाहिलाय. १९८१ साली अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी वजाबाकीत कच्च्या असलेल्या मुलांना सात बैठकांत ४२ पानं सोडवायला दिली. काही मुलांना सांगितलं, दर बैठकीला निदान सहा पानं करा. काहींना सांगितलं, शेवटी ४२ पूर्ण करा. हिशेब तोच, सहा सत्ते बेचाळीस. पण सहा पानांचं लक्ष्य घेतलेली मुलं जास्त शिकली, आपल्याला वजाबाकी जमते असा विश्वास त्यांना जास्त आला आणि गणिताची गोडीही जास्त लागली. मला यातली विश्वासाची गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची वाटते. ‘तुझ्या हाताला चव आहे’ हे दोन वर्षं ऐकून तुमचा धीर वाढला नाही. तो वाढेल पहिलं पाकीट तीन आठवड्यांनी फोडल्यावर कुरकुरीत निघेल तेव्हा.

दुसरा फायदा थोडा कडू आहे, पण हवा आहे. जस्टिन क्रूगर आणि मॅट इव्हान्स या संशोधकांनी २००४ साली दाखवलं की सणाची खरेदी किंवा स्वयंपाकाची तयारी अशा कामातल्या पायऱ्या सुट्या करून बघायला लावल्या की माणसांचा वेळेचा अंदाज वाढतो आणि चुकीचं प्रमाण कमी होतं. म्हणजे घड्याळ लावून लिहिल्यावर तुमच्या लक्षात येईल की काम वाटलं होतं त्याहून बरंच मोठं आहे. तेव्हा घाबरून वही मिटू नका, त्याच आकड्यांनी तुमची मर्यादा ठरणार आहे.

करून दाखवते. समजा एक किलो चकलीला, भाजणी तयार असताना, मळण्यापासून गार करायला पसरेपर्यंत एक तास लागतो. तुम्हाला संध्याकाळी साडेचार ते साडेसहा असे दोन तास मिळतात, त्यानंतर ओटा घरच्या स्वयंपाकाला लागतो. म्हणजे एका संध्याकाळी दोन किलो. दिवाळीचा माल फार आधी करून चालत नाही, म्हणून कोजागिरीपासून सुरुवात. कोजागिरी ते धनत्रयोदशी १३ तिथी. त्यातल्या तीन संध्याकाळी पाहुणे, आजारपण किंवा पाय दुखणं यांच्यासाठी सोडा. उरल्या दहा. वीस किलो, पाव किलोची ८० पाकिटं. तुमची पहिली दिवाळी एवढीच आहे, आणि ती नोकरी सांभाळून, कर्ज न काढता, मशीन न घेता, बाई न ठेवता होते. बघा, यादीतल्या तीन ओळी यंदा आपोआप खोडल्या गेल्या. तुमचे आकडे वेगळे निघतील, रीत हीच ठेवा.

भाव काढताना तांदूळ, डाळी, तेल, गॅस, गिरणी, पाकीट, लेबल हे सगळ्या बायका लिहितात. स्वतःचे तास कोणी लिहीत नाही. तुम्ही लिहा. लॅबमध्ये तासाला जेवढे पडतात निदान तेवढे धरा. त्यानंतर जो भाव येईल तो दादरच्या किंवा लालबागच्या चिवडा गल्लीतल्या भावाशी ताडून बघा. तुमचा थोडा जास्त आला तर कमी करायची घाई नको. फारच जास्त आला तर चकलीऐवजी कमी वेळखाऊ पदार्थ घ्यावा लागेल, शंकरपाळे म्हणा. ते ऑगस्टमध्ये कळणं चांगलं.

एक सावधगिरी. तुकडे करण्यात मन फार रमतं. चार महिन्यांची रोजची कामं आज लिहायला बसलात तर वही भरेल, कढई कोरडी राहील. बारीक तुकडे फक्त येत्या आठवड्याचे करा. पुढचं मोघमच असू द्या: श्रावणात चाचण्या आणि नोंदणी, गणपतीला वीस पाकिटं, पितृपक्षात बऱ्याच घरी नवीन खरेदी टाळतात तेव्हा तुमचे हिशेब आणि लेबलं, नवरात्रात ऑर्डरी. आषाढात वाटतं ते श्रावणात बदलणारच आहे, बारीक लिहून ठेवलेलं खोडत बसायला लागतं.

आणि एखादं काम तीन दिवस सारखं उद्यावर जात असेल तर थांबून बघा. एकतर ते अजून गाठोडं आहे, किंवा त्यात भीती आहे. तुमच्या बाबतीत भीती कुठे आहे ते तुम्हीच लिहिलंय, पैसे मागण्यात. तिचेही तुकडे होतात. पैसे समोरासमोर मागायचेच नाहीत. भाव आधीच मेसेजमध्ये लिहायचा, म्हणजे बोलण्यात तो विषय येतच नाही. असा: ‘नमस्कार, गणपतीसाठी भाजणीची चकली करते आहे. पाव किलोचं पाकीट, किंमत इतके रुपये. वीसच पाकिटं आहेत. हवी असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा, पैसे याच नंबरवर यूपीआयने पाठवलेत की पाकीट तुमच्या नावाने बाजूला ठेवते.’ आज हा मेसेज फक्त लिहा, पाठवू नका. उद्या लॅबमधल्या त्या मैत्रिणीला वाचून दाखवा. परवा दोघींना पाठवा, ज्या नक्की हो म्हणतील अशा दोघींना. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं ते त्यानंतर. कोणी म्हणेलच, ‘आपल्यातच काय पैसे?’ तिला हसून सांगा, ‘आपल्यातलं पाकीट दिवाळीला ताटातून येईलच, हे विकायचं आहे.’ दर वर्षी दहा घरी ताट पोचवणाऱ्या बाईला हे म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

मिस्टरांबद्दल. ‘कर नाहीतर बंद कर’ हे ऐकून तुम्हाला लागलं असणार. पण दोन वर्षं त्यांच्यापुढेही ते गाठोडंच आहे, त्यांना हात कुठे लावायचा ते कळत नसेल. त्यांना ‘मदत करा’ म्हणू नका, एक नेमकं काम द्या. रविवारी भाजणी गिरणीतून आणून देणं. किंवा पाकिटांचं वजन करून लेबल लावणं, रात्री टीव्ही बघता बघता होतं ते. काम वेळेत झालं की पुढचं द्या. नाही झालं तर भांडणात न शिरता ते स्वतःच्या दोन तासांत धरा आणि पाकिटं तेवढी कमी करा.

बारावीसाठी थांबू नका. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या सुमाराला असते, तुमचं काम धनत्रयोदशीला संपतंय. मुलाला मात्र विचारा, संध्याकाळी साडेचार ते साडेसहा तो क्लासला असतो की घरी अभ्यासाला. वन रूम किचनमध्ये तळणाचा वास आणि गणित एकत्र चालत नाहीत. तो घरी असेल तर दोन तास पहाटे हलवता येतील का ते एका रविवारी करून बघा. त्याला कामाला मात्र जुंपू नका.

गणपतीत वीसपैकी बाराच पाकिटं गेली तर दिवाळीला ८० ऐवजी ४० करा. वीसच्या वीस दोन दिवसांत गेली तरी दिवाळीचा आकडा ८० च्या वर नेऊ नका, पहिल्या वर्षी तरी. ऑर्डरी दसऱ्याला बंद. त्यानंतर फोन येतीलच, दर वर्षी अगदी शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना फराळ आठवतो. त्यांना ‘यंदाचं संपलं, पुढच्या वर्षी पहिला फोन तुम्हाला’ असं सांगा आणि नाव, नंबर, किती हवं होतं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.